परदेशातला जुना बाजार कसा हिंडावा

ठाण्यातून, ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांतून किंवा वाशी-नेरूळच्या घरांतून दोन-तीन वर्षांसाठी जर्मनीला, हॉलंडला अथवा इंग्लंडला निघालेली तरुण मंडळी भेटली, की मी त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. पहिल्या महिन्यात घरासाठी फारसे नवे सामान घेऊ नका आणि पहिले दोन रविवार तिथल्या जुन्या बाजारासाठी राखून ठेवा. मी स्वतः बर्लिनमध्ये तीन आणि हॉलंडमधल्या उत्रेख्तमध्ये दोन वर्षे राहून ठाण्याच्या नौपाड्यात परतले. त्या पाच वर्षांत या बाजारांनी मला जेवढी भाषा शिकवली आणि जेवढी माणसे दाखवली, तेवढी भाषेच्या वर्गानेही दाखवली नाहीत. मात्र तिथे खरेदी करताना मी चुकाही पुष्कळ केल्या आणि त्यांतल्या बहुतेक एकाच कारणाने झाल्या. आपण इथे कायमचे राहणार नाही आणि ही वस्तू एक दिवस 23 किलोंच्या बॅगेत बसवून ठाण्याच्या पावसाळ्यात न्यायची आहे, याचा विचार वस्तू हातात घेताना माझ्या मनात नसे. म्हणून पुढे जे लिहिले आहे, त्यात हा विचार वारंवार येईल.

सुरुवातीला मनातला एक संकोच दूर करावा लागतो. आपल्याकडे जुनी वस्तू देण्याची सवय आहे, घेण्याची नाही. जुने कपडे बोहारणीला जातात, वर्तमानपत्रे रद्दीवाल्याकडे जातात, मोडके सामान भंगारवाला नेतो, आणि मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाणारा माणूस एकतर शौकीन किंवा गरजू मानला जातो. युरोपात तसे नाही. तिथे प्राध्यापक, डॉक्टर, विद्यार्थी आणि निवृत्त आजी-आजोबा एकाच मेजाशी वाकून एकाच खोक्यातले चमचे चाळत असतात. दुसऱ्याने वापरलेली वस्तू घेण्यात तिथे कुणालाही कमीपणा वाटत नाही.

या बाजारांचे नाव मात्र खरोखरच पिसवांवरून पडले आहे. पॅरिसच्या तटबंदीबाहेर, सेंत-उआँ इथे, चिंध्या आणि भंगार गोळा करणारे लोक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुने सामान विकत असत आणि त्या सामानात पिसवा असणारच, असे मानले जाई. त्यावरून फ्रेंचमध्ये ‘मार्शे ओ प्यूस’, जर्मनमध्ये ‘फ्लोमार्क्ट’ आणि इंग्रजीत ‘फ्ली मार्केट’ अशी नावे रूढ झाली. पिसवा आता राहिल्या नाहीत, पण ढेकूण आहेत. त्यांच्याविषयी पुढे सांगते.

कुठे आणि केव्हा जावे

प्रत्येक देशाचे बाजार निराळे असतात आणि त्यांचे वारही ठरलेले असतात. जर्मनीत रविवारी जवळपास सगळी दुकाने कायद्याने बंद असतात, त्यामुळे नव्याने आलेल्या माणसाला रविवार फार रिकामा आणि एकाकी वाटतो. जुना बाजार त्याच दिवशी भरतो, आणि मला वाटते की एकट्याने राहणाऱ्यासाठी ही त्या बाजाराची सर्वांत मोठी सोय आहे. बर्लिनमध्ये पूर्वी जिथे भिंत उभी होती, त्या पट्ट्यातल्या माउअरपार्कचा रविवारचा बाजार सर्वांना ठाऊक असतो. तिथे गर्दी फार होते आणि भावही पर्यटकांना डोळ्यांसमोर ठेवून लावलेले असतात. त्यापेक्षा आर्कोनाप्लाट्झ किंवा बोक्सहागनर प्लाट्झ इथले रविवारचे बाजार लहान असले, तरी राहत्या माणसाच्या अधिक उपयोगाचे आहेत.

हॉलंडमध्ये वर्षातला एक दिवस तर अख्खा देशच बाजार होतो. राजाचा वाढदिवस 27 एप्रिलला असतो आणि त्या दिवशी कुणालाही परवान्याशिवाय रस्त्यावर पथारी मांडून घरातले जुने सामान विकता येते. 27 तारखेला रविवार आला, तर हा सण 26 तारखेला होतो. उत्रेख्तमध्ये बाजार आदल्या संध्याकाळीच सुरू होतो आणि रात्रभर चालतो. लोक आदल्या दिवसांत फुटपाथवर खडूने किंवा चिकटपट्टीने चौकोन आखून त्यात ‘बेझेट’, म्हणजे ‘जागा घेतली आहे’, असे लिहून ठेवतात, आणि लहान मुले चटईवर आपली खेळणी मांडून बसतात. मुलांशी घासाघीस करू नये, एवढे पथ्य मी स्वतःपुरते पाळत असे. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तर भागात, जुन्या जहाजबांधणीच्या गोदीत, आय-हालन नावाचा मोठा बाजार महिन्यातून एकदा शनिवार-रविवारी भरतो. तिथे प्रवेशशुल्क असते, पण मुख्य रेल्वेस्थानकामागून तिकडे जाणारी फेरीबोट फुकट आहे.

ब्रसेल्सच्या जू-द-बाल चौकातला बाजार रोज सकाळी भरतो. पॅरिसमध्ये सेंत-उआँला शनिवार, रविवार आणि सोमवार, तर वाँवला शनिवार-रविवारची सकाळ असते. पण फ्रान्समध्ये राहणाऱ्याने गावोगावी होणारे ‘व्हीद-ग्रनिए’, म्हणजे माळा रिकामा करण्याचे बाजार, अधिक पाहावेत. तिथे सामान्य माणसाला वर्षातून दोनदाच विक्रीला बसता येते, त्यामुळे मेजावरचे सामान बहुधा खरोखरच माळ्यावरून उतरलेले असते. इंग्लंडमध्ये मोटारीच्या डिकीतून विक्री करणारे ‘कार बूट सेल’ असतात आणि त्यांच्या जोडीला बाजाररस्त्यांवर धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने असतात. जपानमध्ये क्योतोला गेलात, तर महिन्याच्या 21 तारखेला तोजी मंदिरात आणि 25 तारखेला कितानो तेन्मानगू मंदिरात बाजार असतो. आपल्याकडे चतुर्थी-एकादशीला मंदिराबाहेर दुकाने लागतात, त्याची तिथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

सकाळी लवकर जावे की उशिरा, याचे एकच उत्तर नाही. चांगली वस्तू हवी असेल तर दुकाने मांडली जात असतानाच पोहोचावे, कारण व्यापारी त्या वेळी हातात टॉर्च घेऊन हिंडत असतात आणि मालाचा उत्तम भाग पहिल्या तासातच जातो. स्वस्त वस्तू हवी असेल तर शेवटच्या तासात जावे, कारण तेव्हा विक्रेत्याला सामान परत गाडीत भरण्याचा कंटाळा आलेला असतो. पहिल्या दोन-तीन खेपांना मात्र काहीही विकत न घेता नुसते हिंडावे, भाव ऐकावेत आणि तीच वस्तू तीन ठिकाणी कितीला मिळते ते पाहावे.

पाहावे कसे

बरोबर नेण्याचे सामान थोडेच आहे: कापडी पिशव्या, जुनी वर्तमानपत्रे, मोजपट्टी, लहान टॉर्च, एक चुंबक आणि भरपूर सुटी नाणी. अनेक विक्रेत्यांकडे कार्ड चालत नाही आणि दोन युरोंच्या वस्तूसाठी पन्नासची नोट पुढे केली, की समोरच्याचा चेहरा उतरतो. घरातल्या खिडकीची, शेल्फची आणि दाराची मापे फोनमध्ये लिहून ठेवावीत.

चिनी मातीचे किंवा काचेचे भांडे असेल तर आपण माठ घेताना करतो तेच करावे. हाताच्या तळव्यावर ते मोकळे धरून टिचकी मारावी. आवाज खणखणीत आला तर भांडे धड आहे आणि बद्द आला तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे. मग कडेवरून बोट फिरवावे, म्हणजे डोळ्यांना न दिसलेला टवका बोटाला कळतो. भांडे उलटे करून बुडावरचे चिन्ह पाहावे. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असे लिहिलेले असेल तर ती वस्तू 1949 ते 1990 या काळातली आहे, एवढे निश्चित समजते. ‘व्हीईबी’ ही अक्षरे असतील तर ती पूर्व जर्मनीतल्या सरकारी कारखान्यात झाली आहे. बर्लिनच्या बाजारांत मित्रोपा या रेल्वे उपाहारगृहांच्या कंपनीचे जाड कप नेहमी दिसतात. असे कप घरात रोजच्या चहाला आले, की एका नाहीशा झालेल्या देशाच्या रेल्वेप्रवासाची खूण आपल्या हातात असते. निदान मला तरी त्याचे मोल नव्या कपांपेक्षा अधिक वाटत आले आहे.

चांदी म्हणून विकल्या जाणाऱ्या चमच्यांवर आकडा शोधावा. जर्मनीत 800, 835 किंवा 925 असा आकडा चांदीचे हजारांतले प्रमाण सांगतो. इंग्लंडच्या स्टर्लिंग चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा छाप असतो. ‘ईपीएनएस’ असे लिहिलेले असेल तर तो केवळ मुलामा आहे. पितळेच्या वस्तूला चुंबक लावून पाहावे, कारण पितळ आणि तांबे चुंबकाला चिकटत नाहीत आणि चिकटले तर आत लोखंड आहे. हेच चुंबक स्वयंपाकाच्या भांड्यांसाठीही लागते: भाड्याच्या घरात इंडक्शनची शेगडी असेल, तर ज्याच्या बुडाला चुंबक चिकटत नाही, ते भांडे तिथे तापणार नाही.

मराठी घराला उपयोगी पडतील अशा वस्तू या बाजारांत खरोखर मिळतात. बिडाचा जाड, सपाट तवा भाकरीला आणि घावनाला उत्तम चालतो. तो गंजलेला दिसला तरी घाबरू नये. घासून, वाळवून, तेलाचा पातळ हात देऊन दोन-तीनदा तापवला की पूर्ववत होतो. मात्र बिडाला तडा असेल तर तो घेऊ नये. दगडी खलबत्ता पुष्कळदा दिसतो आणि औषधाच्या जुन्या दुकानातला चिनी मातीचा खल तर वेलदोडे कुटण्यासाठी फारच चांगला. तांब्याची पातेली मोहक असतात, पण त्यांची आतली कल्हई उडालेली असते आणि तिथे कल्हईवाला शोधून सापडला, तरी त्याची मजुरी पातेल्याच्या किमतीहून जास्त होते.

जुन्या रंगीत झिलईच्या मातीच्या भांड्यांत आणि वजनदार बिल्लोरी काचेत शिसे असू शकते. ती शोभेसाठी जरूर ठेवावीत, पण त्यांत लोणचे, सोलकढी किंवा लिंबाचे सरबत कधीही ठेवू नये, कारण आंबट पदार्थाने शिसे बाहेर येते. गादी, सोफा आणि कापडी खुर्ची मी कधीच घेतली नाही आणि इतरांनीही घेऊ नये असे सांगते. टॉर्चच्या उजेडात शिवणीच्या कडेला काळे ठिपके दिसले, तर ती ढेकणांची खूण असते आणि एकदा ढेकूण भाड्याच्या घरात शिरले, की घरमालकाशी वाद, औषधफवारणी आणि खर्च यांतून सुटका होत नाही. कपडे आणि चादरी घरी आणल्याबरोबर, कापडाला चालत असेल तर, 60 अंशांवर धुवाव्यात. लहान मुलांची मोटारीतली आसने आणि सायकलची हेल्मेट जुनी घेऊ नयेत, कारण त्यांना आधी अपघात झाला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. सायकल स्वस्त मिळत असेल तर चौकटीवरचा क्रमांक शाबूत आहे ना, ते पाहावे. खरवडलेला क्रमांक दिसला तर ती सायकल चोरीची असण्याचा संभव मोठा, आणि चोरीची वस्तू पैसे मोजूनही कायद्याने आपली होत नाही.

ठाण्याचा पावसाळा सोसेल का

वस्तू पसंत पडली, की घेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा. युरोपातल्या घरांत हिवाळाभर हीटर चालू असतो आणि घरातली हवा कोरडी असते. त्या हवेत पन्नास वर्षे सुखाने राहिलेले लाकूड, चामडे आणि काचभिंगे आपल्या जून-जुलैच्या दमट हवेत आली, की त्यांची दशा होते. मी बर्लिनमध्ये एका वृद्ध बाईंकडून हाताने फिरवायची लाकडी कॉफीगिरणी घेतली होती. ती त्यांच्या आईची होती आणि युद्धानंतरच्या टंचाईत तिच्यात कॉफीऐवजी भाजलेले सातू दळत असत, असे त्यांनी मला हळू, सोप्या जर्मनमध्ये सांगितले होते. ठाण्यात पहिल्याच पावसाळ्यात गिरणीचा खालचा खण फुगून असा अडकला, की तो दिवाळीपर्यंत उघडला नाही. माझ्याच जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली आणि ती आतल्या बाजूला असल्यामुळे पुसताही आली नाही.

म्हणून परत आणायच्या वस्तू काच, चिनी माती, दगड, पितळ आणि तांबे यांच्या असाव्यात. बिडाचे भांडे तेलाचा हात देत राहिल्यास टिकते. लाकडावर चिकटवलेला शोभेचा पातळ पापुद्रा असलेले पेटारे आणि कपाटे तिथेच सोडावीत, कारण त्यांचा जुना सरस दमट हवेत सुटतो. लाकडात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतील आणि टिचकी मारल्यावर त्यांतून लाकडाचे ताजे पीठ गळत असेल, तर आत किडा जिवंत आहे आणि अशी वस्तू तिथल्या घरातही आणू नये. कॅमेरा घेतलाच, तर तो ठाण्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

विजेच्या दिव्यांचे पाहू. युरोपात आणि आपल्याकडे 230 व्होल्ट असल्यामुळे तिथला टेबल-लॅम्प इथे चालतो. फक्त प्लग बदलावा आणि जुनी वायर इलेक्ट्रिशियनकडून नवी करून घ्यावी. अमेरिकेत 120 आणि जपानमध्ये 100 व्होल्ट असल्यामुळे तिकडची विजेची उपकरणे आणू नयेत.

काही वस्तूंना हातही लावू नये. हस्तिदंती मुठीच्या सुऱ्या, हस्तिदंती मणी, कासवाच्या पाठीचे कंगवे हे या बाजारांत सर्रास दिसते; पण वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारामुळे आणि आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते भारतात आणणे गुन्हा ठरू शकते. फार जुनी चित्रे, मूर्ती आणि हस्तलिखिते काही देशांतून बाहेर नेण्यासाठी परवानगी लागते, म्हणून विक्रेत्याकडून निदान हाताने लिहिलेली पावती घ्यावी.

भाव कसा करावा

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात आपण भाव करतो, त्याची पद्धत निराळी आणि तिथली निराळी. निम्म्या किमतीपासून सुरुवात करणे, वस्तूला नावे ठेवणे, रागावल्यासारखे करून निघून जाणे हे तिथे उद्धटपणाचे समजतात. आधी अभिवादन करावे. फ्रान्समध्ये तर ‘बोंजूर’ न म्हणता वस्तूला हात लावला तर पुढचा सगळा संवाद बिघडतो. मग वस्तूबद्दल विचारावे, ही कुठली, कुणाची, अजून चालते का. भाव त्यानंतर विचारावा. जर्मनीत ‘गेट दा नॉख व्हास?’ असे हसून विचारतात, आणि त्याचा अर्थ आपल्या ‘काही कमी-जास्त होईल का?’ याच्या इतका जवळचा आहे, की तो प्रश्न मला पहिल्या दिवसापासून आपला वाटला. चिठ्ठीवर ‘व्हीबी’ असेल तर भाव कमी होतो, ‘फेस्टप्राइस’ असेल तर होत नाही. दहाला सांगितलेली वस्तू सातला मागावी आणि आठला घ्यावी. एकाच माणसाकडून तीन वस्तू एकत्र घेतल्या तर सूट सहज मिळते. आपल्या मागितलेल्या भावाला तो ‘हो’ म्हणाला, की ती वस्तू घेतलीच पाहिजे. भाव ठरवून माघार घेणारा माणूस तिथे लक्षात राहतो आणि पुढच्या रविवारी त्याच मेजाशी जायला लाज वाटते.

निघण्याआधी आपणही मांडावे

परतीची तारीख ठरली, की तीन महिने आधी त्याच बाजारात आपले सामान विकायला बसावे. जर्मनीत जागेचे भाडे मीटरवर असते, नोंदणी आधी करावी लागते आणि पुष्कळ ठिकाणी नवा माल विकायला मनाई असते. आपल्या घरातले जुने सामान अधूनमधून विकणे निराळे. पण विकत घेऊन नफ्यासाठी विकणे हा व्यापार ठरतो आणि नोकरीच्या व्हिसावर त्याला परवानगी असेलच असे नाही, म्हणून त्या मोहात पडू नये.

प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावावी, कारण लाजाळू माणसे विचारत नाहीत आणि निघून जातात. आपल्याकडची स्टीलची भांडी फार पटकन खपतात. माझा मसाल्याचा डबा पहिल्या अर्ध्या तासात गेला आणि तो घेणाऱ्या मुलीला मी प्रत्येक वाटीत काय ठेवायचे ते कागदावर लिहून दिले. एका बाबतीत मात्र जर्मनीत जपावे. पूजेच्या ताटावर किंवा रांगोळीच्या छाप्यावर स्वस्तिक असेल तर ती वस्तू मेजावर मांडू नये. तिथला कायदा नाझींच्या चिन्हाविरुद्ध आहे, आपल्या मंगलचिन्हाविरुद्ध नाही. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फरक माहीत नसतो, आणि ज्यांच्या घरातली माणसे त्या राजवटीत मारली गेली, त्यांना ते चिन्ह अचानक समोर दिसणे क्लेशाचे असते. अशा वस्तू तिथल्या एखाद्या भारतीय कुटुंबाला द्याव्यात.

शेवटी जे उरेल ते परत घरी नेऊ नये. बर्लिनमध्ये लोक असे सामान खोक्यात भरून त्यावर ‘त्सु फेरशेंकेन’, म्हणजे ‘देऊन टाकायचे आहे’, असे लिहून इमारतीच्या दाराशी ठेवतात. खोके भिंतीला लागून, चालणाऱ्यांच्या वाटेत येणार नाही असे ठेवावे, काचेच्या वस्तू वर ठेवाव्यात म्हणजे दिसतात, पावसाची चिन्हे असतील तर त्यावर प्लास्टिक अंथरावे, आणि दोन दिवसांनंतरही काही राहिले तर ते स्वतः उचलून कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्यावे.